साखरझोप : मिरजेच्या विद्यार्थ्याची सवा घटका कुणी खाल्ली?

आजची पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात पहाटे पाहुण्यांना आणायला मिरज स्टेशनवर गेलो होतो. गाडी लेट. प्लॅटफॉर्मच्या बाकावर चार-पाच पोरंपोरी बसली होती, पाठीला सॅक, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. सगळी गाढ झोपलेली. एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर, एकीनं सॅकच पोटाशी धरून उशी केलेली. गावाकडून पहिल्या गाडीनं आलेली असणार, म्हणजे घरातून साडेचारला उठलेली. शेजारचे एक काका मला म्हणाले, "बघा, ही पिढी! रात्रभर मोबाईल, सकाळी पेंगा." मी मान हलवली. खरं सांगतो, मीही आजवर असंच बोलत आलोय.

घरी आल्यावर मात्र ते चित्र डोक्यातून जाईना. मोबाईल येऊन किती वर्षं झाली? स्वस्त डेटा आला २०१६ मध्ये. त्याआधी विद्यार्थी वर्गात पेंगत नव्हते काय? आमच्या वेळी शेवटचा बाक पेंगण्यासाठीच राखीव असायचा आणि तेव्हा घरात साधा फोन नव्हता. मग ही झोप गेली कुठं? जुनी पुस्तकं, जुनी वेळापत्रकं, घड्याळांचा इतिहास असं काय काय वाचत बसलो. त्यातलं जे हाती लागलं ते सांगतो.

आधी शब्दाचं बघू. आपल्याकडं पहाटेच्या झोपेला 'साखरझोप' म्हणतात. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. पण गंमत अशी, की हीच साखरझोप विद्यार्थ्यानं घेऊ नये असं आपल्याकडं शेकडो वर्षं सांगितलं गेलंय. विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांचं ते जुनं संस्कृत सुभाषित तुम्हाला शाळेत पाठ करावं लागलं असेल. त्यात कावळा आहे, बगळा आहे आणि झोपेसाठी कुत्रा आहे. श्वाननिद्रा! म्हणजे जराशा आवाजानं जाग येईल अशी झोप. गाढ झोपणारा तो विद्यार्थीच नव्हे. हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की झोपलेलं पोरगं दिसलं की आपल्याला आधी आळस दिसतो. त्याला झोप का अपुरी पडली, हा प्रश्न नंतरसुद्धा पडत नाही.

आता घड्याळाकडं येतो, कारण माझ्या मते खरी चोरी तिथं झाली.

रेल्वे येण्याआधी मिरजेची वेळ मिरजेची होती. सूर्य डोक्यावर आला की दुपार. दिवसाच्या साठ घटका, एक घटका चोवीस मिनिटांची. रात्रीचे चार प्रहर, दिवसाचे चार. सांगलीची दुपार मिरजेच्या दुपारीच व्हायची आणि मुंबईची दुपार सात-आठ मिनिटं उशिरा. कुणाचं काही अडत नव्हतं. मग १८८०च्या दशकाच्या शेवटी सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज गाडी मिरजेला आली. १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटा सुरू झाला. पुढं १९२७ मध्ये पंढरपूरकडून बार्शी लाईटची छोटी गाडीही आली. एका स्टेशनात तीन मापांचे रूळ दिसायचे ते मिरज. जंक्शन झालं आणि गाव रात्रभर जागं राहायला शिकलं.

गाडीबरोबर गाडीचं घड्याळही आलं. त्या काळी हिंदुस्थानातल्या रेल्वे 'मद्रास टाइम'वर चालायच्या. मद्रास आपल्या पूर्वेला, त्यामुळं मद्रासचं घड्याळ मिरजेच्या सूर्यापेक्षा साधारण बावीस-तेवीस मिनिटं पुढं. म्हणजे जवळजवळ एक घटका! गाडी पकडायची तर एक घटका आधी उठा. मग १ जानेवारी १९०६ ला सरकारनं 'इंडियन स्टँडर्ड टाइम' लागू केला, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढचा. तो साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाचा, अलाहाबादच्या जवळून जाणारा. मिरज आहे साधारण ७४.६५ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं हा शाळेतला हिशोब लावून बघा : फरक येतो सुमारे एकतीस मिनिटांचा. म्हणजे सवा घटका.

याचा अर्थ असा, की भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे सात वाजतात तेव्हा मिरजेच्या आभाळात अजून साडेसहा वाजायचे असतात. जानेवारीत तर आपल्याकडं सूर्यच सात वाजून गेल्यावर उगवतो. कोलकात्यात त्या दिवसांत सव्वासहाच्या सुमारास उजाडलेलं असतं. तिथल्या पोराचं सातचं कॉलेज आणि आपल्या पोराचं सातचं कॉलेज, घड्याळात एक, अंगाला वेगळं. (आसामात याच्या उलट. तिथं फार लवकर उजाडतं म्हणून चहाच्या मळ्यांनी स्वतःची 'बागान टाइम' एक तास पुढं ठेवली. मळेवाल्यांना जमलं ते.)

तुम्ही म्हणाल, अर्ध्या तासानं काय होतंय? तेव्हाच्या मुंबईकरांना मात्र फार झालं. मुंबईचा सूर्य तर नव्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागं. जानेवारी १९०६ मध्येच गिरणी कामगार हजारोंच्या संख्येनं काम सोडून बाहेर आले, कारण त्यांना कळलं की भोंगा तोच, आकडा तोच, पण उठायचं मात्र अंधारात. शहरात सभा झाल्या, अर्ज गेले. मुंबईनं आपला 'बॉम्बे टाइम' अनेक ठिकाणी हट्टानं पुढची पन्नास वर्षं, म्हणजे १९५५ पर्यंत चालवला. दुसऱ्या महायुद्धात तर सरकारनं घड्याळ आणखी एक तास पुढं ढकललं, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५. म्हणजे त्या तीन वर्षांत मिरजेत सातला शाळेत पोचणारं पोरगं सूर्याच्या हिशोबानं साडेपाचला पोचत होतं.

यावर अलीकडे नीट अभ्यासही झालाय. कॉर्नेल विद्यापीठातल्या मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञानं भारतातली आकडेवारी घेऊन २०१९ च्या सुमारास दाखवलं, की जिथं सूर्य घड्याळात तासभर उशिरा मावळतो, तिथली मुलं साधारण अर्धा तास कमी झोपतात. कारण सोपं आहे. अंधार उशिरा पडतो म्हणून झोप उशिरा लागते, पण शाळेची घंटा देशभर एकाच वेळी होते. त्याचा परिणाम शिक्षणावर होतो आणि गरीब घरांत जास्त होतो. पश्चिम महाराष्ट्र या नकाशात कुठं येतो ते सांगायला नको. जूनमध्ये आपल्याकडं सात वाजून गेले तरी दिवस बुडत नाही.

आता कुणी म्हणेल, जुन्या काळचे विद्यार्थी पहाटे उठायचेच की! उठायचे. त्याचंही उदाहरण आपल्याच गावात आहे.

विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यानं डोळे गेले, उपचारासाठी मिरजेला आणलं, डोळ्यांना फारसा गुण आला नाही, पण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाताखाली गाणं शिकायला मिळालं. १८९६ पर्यंत ते मिरजेत शिकत होते. पुढं १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे ते हेच. जुन्या तालमीत पहाटेचा खर्ज चुकायचा नाही. अंधारात तंबोरा लावायचा आणि खालच्या षड्जावर आवाज ठेवायचा, सूर्य येईपर्यंत. गुरूच्या घरची कामंही करायची. कष्ट कमी नव्हते, हे मान्यच. पण तो दिवस प्रहरांवर चालायचा. रात्री दिवा मिणमिणता, तेल महाग, त्यामुळं अंधार पडल्यावर झोपणं हाच नियम. पहाटे चारला उठणारं पोरगं आठ-नऊला आडवं झालेलं असायचं. आपण त्यातली पहाट तेवढी घेतली आणि रात्र सोडून दिली.

गाण्याचा विषय निघालाय तर दर्ग्याचं सांगायलाच हवं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये वारले, त्यांची कबर मिरजेतच ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसाला तिथं त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते आणि रात्रभर चालते. आपल्यापैकी किती जणांनी लहानपणी आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून तिथं झोप काढली असेल! मधेच जाग आली की कुणीतरी गातंच असायचं. जागरण आपल्याला परकं नाही. पण ते वर्षातून एकदा, ठरवून, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं घर झोपलेलं. रोजचं जागरण ही वेगळी गोष्ट आहे.

आता जरा नाजूक विषय. रागावू नका, शेवटपर्यंत वाचा.

बाबासाहेबांच्या जयंतीला आपल्याकडं सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. चांगलीच गोष्ट आहे, मीही एकदा बसलोय. पण बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतली एक आठवण चरित्रकारांनी नोंदवली आहे, ती आपण अर्धीच सांगतो. साताऱ्याची शाळा मागं पडली होती, घर मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत. जागा इतकी कमी की रात्री एकानं झोपलं तर दुसऱ्याला पाय पसरता येत नव्हते. तेव्हा सुभेदार रामजी आंबेडकरांनी काय केलं? भीमरावांना लवकर झोपवायचं, स्वतः दोन वाजेपर्यंत जागायचं, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचं आणि त्याच्या जागेवर स्वतः झोपायचं. १९०७ ला मॅट्रिक झाले ते असे. आपण सांगतो की पोरगा रात्री दोनला उठायचा. बापानं आधी त्याची झोप राखली आणि त्यासाठी स्वतःची मोडली, हे सांगायचं राहतं. पूर्वजांच्या कष्टाच्या गोष्टीतून झोपेचा भाग गाळून सांगायची आपल्याला सवयच लागली आहे.

शास्त्रज्ञांना तरी झोपेबद्दल कधी कळलं? फार उशिरा. शिकागो विद्यापीठात नॅथॅनियल क्लाइटमन नावाचे प्राध्यापक होते. १९३८ मध्ये ते केंटकीतल्या मॅमथ गुहेत आपल्या ब्रूस रिचर्डसन या विद्यार्थ्याला घेऊन बत्तीस दिवस राहिले. सूर्य नाही, आवाज नाही. त्यांनी ठरवलं, चोवीसऐवजी अठ्ठावीस तासांचा दिवस करून बघू. तरुण विद्यार्थ्याचं शरीर आठवड्याभरात वळलं, चाळिशी ओलांडलेल्या गुरूचं शेवटपर्यंत वळलं नाही. शरीराला स्वतःचं घड्याळ असतं, आणि वयाप्रमाणं ते वेगळं वागतं, याची चाहूल तिथं लागली. पुढं १९५३ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या युजीन अॅसेरिन्स्की या विद्यार्थ्याला झोपेत डोळे भराभर हलतात तो टप्पा सापडला, ज्याला आता रेम झोप म्हणतात. स्वप्नं बहुतेक त्यातच पडतात आणि रात्रीच्या शेवटच्या भागात हा टप्पा जास्त असतो. म्हणजे पहाटेच. म्हणजे आपली साखरझोप. गजर लावून आपण जे तोडतो ते नेमकं हे.

दुसरी गोष्ट म्हणजे वय. वयात आल्यापासून शरीराचं घड्याळ पुढं सरकत जातं, झोप उशिरा लागायला लागते, आणि साधारण विशीच्या आसपास ते सर्वांत उशिरावर असतं. मग पुन्हा हळूहळू मागं येतं. जर्मनीतले टिल रोनेनबर्ग यांनी २००४ मध्ये हजारो माणसांच्या सवयी तपासून हे मांडलं. कॉलेजातल्या पोराला रात्री दहाला 'झोप' म्हटलं की झोप येत नाही, ती केवळ मस्ती नव्हे. आणि पन्नाशीतल्या बापाला पहाटे पाचला आपोआप जाग येते, त्यात त्याचं काही कर्तृत्व नाही! (हे मी माझ्या घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. मुलगा खूश झाला.)

आणि सकाळची ती झापड? डोकं जड, डोळे चुरचुरतात, समोर काय चाललंय कळत नाही. त्याला शास्त्रात स्लीप इनर्शिया म्हणतात. मेंदू एकदम चालू होत नाही, अर्धा तास लागतो, झोप अपुरी असेल तर आणखी जास्त. त्यातून गाढ झोपेतून गजरानं ओढून काढलं तर विचारूच नका. आता हिशोब घाला : विशीतलं शरीर, एक वाजता लागलेली झोप, साडेपाचचा गजर, सूर्याच्या हिशोबानं पाच, आणि साडेसातचं पहिलं लेक्चर.

पण थांबा, सगळी पोरं रात्री एकपर्यंत रील बघत नसतात. आपल्या जिल्ह्यात एक चोरी अशी आहे जी शहरातल्या माणसाला माहीतच नाही. रात्रीची लाईट. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीची लाईट असली की बाप बॅटरी घेऊन उसात पाण्याची दारं धरायला निघतो. बाप थकलेला असतो, साप-विंचवाची भीती असते, म्हणून पोरगा बरोबर जातो. दोन वाजता मोटर चालू, पाच वाजता बंद. सहाला पोरगा एसटीच्या थांब्यावर. तासाला सर विचारतात, "काय रे, रात्री काय करत होतास?" तो काही बोलत नाही. काय बोलणार? दिवसा वीज द्यायची म्हणून २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे. ज्यांच्या फीडरवर दिवसाची वीज आली त्यांना विचारा, पहिला बदल कोणता झाला. पिकाचं नंतर सांगतील, आधी सांगतील की घरात रात्री झोपतात.

आणि आता मिरजेच्या खऱ्या विषयाकडं येतो. दवाखाने.

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं केलं, त्यानंतर थोड्याच वर्षांत वैद्यकीय शिक्षणही सुरू केलं. रेल्वे होती म्हणून लांबलांबचे रुग्ण यायचे, आणि ते रात्रीच्या गाडीनंही यायचे. जंक्शन आणि दवाखाना, या दोघांनी मिळून हे गाव रात्रपाळीचं केलं. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. तेव्हापासून मिरजेत दरवर्षी नवी पोरंपोरी येतात, डॉक्टर व्हायला. महाराष्ट्रात कुठंही जा, मिरजेचं शिकलेला डॉक्टर भेटतो आणि पहिली आठवण काय सांगतो? रात्री दोन वाजता स्टेशनवरचा चहा. आपण कौतुकानं ऐकतो. पण रात्री दोनला हे पोरगं स्टेशनवर का होतं, हे कुणी विचारत नाही. गावात तेवढाच चहा उघडा असायचा आणि त्याला अजून चार तास जागायचं असायचं.

विद्यार्थी असेपर्यंत परीक्षेचं जागरण. इंटर्न आणि निवासी डॉक्टर झाल्यावर ड्युटीचं. निवासी डॉक्टर म्हणजे एमडी-एमएस करणारा विद्यार्थीच, कागदावर शिकणारा, प्रत्यक्षात वॉर्ड चालवणारा. माझी भाची दुसऱ्या एका शहरात इंटर्न होती. एकदा सलग तीस तासांची ड्युटी करून स्कूटरवरून खोलीवर निघाली. लाल सिग्नलला थांबली, हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी ही तिथंच. मागच्या माणसानं हॉर्न मारून उठवलं. डोळे उघडे होते म्हणे, पण झोप लागलेली. घरी सांगितलं ते हसत हसत. तिची आई मात्र त्या रात्री झोपली नाही.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक तुलना केली. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात-डोळा-मेंदू, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखा चालतो. चोवीस तास जागला तर ०.१० टक्क्यांसारखा. आपल्याकडं मोटार वाहन कायद्यानं वाहनचालकाला मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. त्यापुढं गाडी चालवली तर पोलीस पकडतात. तीस तास जागलेल्या डॉक्टरनं सुई लावली तर कुणी पकडत नाही, उलट 'किती कष्टाळू' म्हणतो. अमेरिकेत २००४ मध्ये अतिदक्षता विभागातल्या इंटर्नवर अभ्यास झाला, त्यात चोवीस तासांहून लांब पाळ्या असताना गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त निघाल्या.

अमेरिकेतला नियम कशामुळं आला, तेही सांगतो. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच गेली. तिला बघणारे निवासी डॉक्टर लांबलचक पाळीवर होते. तिच्या वडिलांनी, ते पत्रकार होते, प्रकरण सोडलं नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात आठवड्याला ऐंशी तास आणि सलग चोवीस तास अशी मर्यादा आली, २००३ मध्ये ती देशभर झाली. ऐंशी तास म्हणजेही काही थोडे नाहीत, पण लिहिलेली मर्यादा तरी आहे.

आपल्याकडं मर्यादा नाही असं समजू नका. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत लिहिलंय, की सलग सक्रिय ड्युटी सर्वसाधारणपणे बारा तासांहून जास्त नसावी आणि आठवड्याला एक सुटी पाळीपाळीनं द्यावी. १९९२! तीस वर्षांहून जास्त झाली. नंतर २०२३ च्या नियमांत शब्द आले 'वाजवी कामाचे तास' आणि 'वाजवी विश्रांती'. बारा हा आकडा होता, त्याचं 'वाजवी' झालं. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला, त्यात आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांहून जास्त काम नको, एक सुटी हवी आणि सात-आठ तास झोप हवी असं म्हटलं. अहवाल शिफारस करतो. ड्युटीचा तक्ता कुणीतरी वेगळाच लावतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात काय झालं ते सगळ्या देशानं ऐकलं. ती निवासी डॉक्टर छत्तीस तासांच्या ड्युटीवर होती असं तेव्हा सगळीकडं छापून आलं. रात्री जरा पाठ टेकायला ती सेमिनार हॉलमध्ये गेली होती. त्या घटनेवर पुष्कळ लिहिलं गेलं, सुरक्षेबद्दल, पोलिसांबद्दल, राजकारणाबद्दल. ते व्हायलाच हवं होतं. पण मला त्यातली एक साधी गोष्ट आजही टोचते. रात्रभर रुग्ण बघणाऱ्या मुलीला झोपायला कडी असलेली खोली नव्हती. झोप हा कामाचा भाग आहे असं कुणाला वाटलंच नसेल, तर खोली कोण बांधणार?

सरकारला झोपेचं काही पडलेलं नाही असंही नाही म्हणता येणार. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस म्हणाले, की लहान मुलांची झोप होत नाही, शाळेच्या वेळा बदला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश निघाला : पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. बसवाल्यांनी विरोध केला, दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांची अडचण झाली, वाद झाले. तरी निर्णय चांगला होता. पण बघा, चौथीपर्यंतच. आणि शरीराच्या घड्याळाचा अभ्यास काय सांगतो? लहान मूल लवकर झोपतं, लवकर उठतं. खरा त्रास वयात आल्यावर सुरू होतो. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये साडेआठच्या आधी नको असं सांगितलं ते माध्यमिक शाळांसाठी, आणि कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूलला तसा कायदाच आहे. आपण सूट दिली ती नऊ वर्षांच्या मुलाला, आणि अठरा वर्षांच्याला साडेसातला वर्गात बसवलं.

सकाळचं कॉलेज का असतं, याचं कारणही कुणी शिक्षणात शोधू नये. इमारत एक, तुकड्या जास्त. सकाळी एक पाळी, दुपारी दुसरी. गिरणीसारखं. काही ठिकाणी नोकरी करणाऱ्या मुलांची सोय होते, हे मात्र खरं आहे आणि त्यांच्यासाठी सकाळची पाळी राहायलाच हवी. दुपारी दुकानात काम करणाऱ्या पोराला 'दहाला ये' म्हणणं सोपं नाही. पण ज्यांना चालेल त्यांना तरी विचारायला काय हरकत आहे? वेळापत्रक जूनमध्ये लागतं, डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तेवढे दोन महिने तरी पहिलं लेक्चर अर्धा तास पुढं घेता येईल. पूर्वी ऋतूप्रमाणं कामाच्या वेळा बदलायच्याच की.

दुसरं, निवासी डॉक्टरांच्या ड्युटीचा तक्ता वॉर्डच्या दारावर लावा, पेशंटच्या नातेवाइकांना वाचता येईल असा. कोण किती तास जागं आहे, ते. आपण औषधाची एक्सपायरी बघतो, हेही बघू. आणि कुणी निवासी डॉक्टर तुमच्यावर खेकसला तर भांडण करायच्या आधी एकदा विचारा, "डॉक्टर, कधीपासून ड्युटीवर आहात?" मी विचारलंय. त्या पोरानं आधी माझ्याकडं संशयानं बघितलं, मग म्हणाला, "काका, आज वार कोणता आहे?"

परवा पुन्हा स्टेशनवर गेलो होतो, पाहुण्यांना सोडायला. तीच पोरं, तोच बाक. पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर गाडी लागली तशी सगळी धडपडत उठली, एकजण चप्पल शोधत राहिला. घड्याळात सहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. बाहेर अजून दिवे लागलेले होते.